कागदावर कामगार मालक, मग कारखाना कोणाचा?

प्रश्न असा आहे: रशियातल्या एका ॲल्युमिनियम कारखान्याची १९९३ ते २००३ या काळातली कागदपत्रं हाताशी आहेत. खासगीकरणात ५१ टक्के भाग कामगारांकडे गेले. १९९७ च्या यादीत एकाही भागधारकाकडे २० टक्क्यांच्या वर भाग नाहीत. तरीही सगळा माल एकाच व्यापारी कंपनीमार्फत बाहेर जातो, पगार थकलेले आहेत आणि नफा जवळपास शून्य. कारखान्याचा डायरेक्टर आणि त्या व्यापारी कंपनीचा प्रमुख एकाच तांत्रिक संस्थेत शिकलेले. मग या वागण्याचं कारण मालकीत शोधायचं की लागेबांध्यांत? तुम्ही ओळखींचा आलेखही काढून पाहिलात, पण त्यात सगळेच सगळ्यांशी जोडलेले दिसतात, अशी तुमची तक्रार आहे.

तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. भागधारकांची यादी हा एकच कागद तुम्ही तीन प्रश्नांना लावताय: सभेत कोणाचं चालतं, पैसा कोणाकडे जातो, आणि डायरेक्टर कोणाला नाही म्हणू शकत नाही. सरकारी अर्थव्यवस्थेकडून बाजाराकडे जाण्याच्या, म्हणजे संक्रमणाच्या, काळातल्या कंपनीत या तिन्हींची उत्तरं बहुधा तीन वेगळी असतात. मी मतांचा, पैशांचा आणि बांधिलकीचा असे तीन हिशेब वेगवेगळे मांडतो आणि ओळखीपाळखीला हात सगळ्यात शेवटी घालतो. ओळखी आधी गोळा केल्या की पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालंय असं दिसायला लागतं.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. निर्यात होणारा धातू आणि देशातच खपणारं यंत्र यांचे हिशेब सारखे नसतात. सर्वांत जास्त फरक पडतो तो सालाने. १९९२ ते ९४ हा व्हाउचरचा (नागरिकांना वाटलेल्या, कंपन्यांच्या भागांत बदलता येणाऱ्या सरकारी चिठ्ठ्यांचा) काळ, १९९५ ते ९८ हा थकबाकी आणि मालाच्या अदलाबदलीचा, १९९८ ते २००२ हा दिवाळखोरीच्या अर्जांमधून मालकी फिरण्याचा, आणि त्यानंतर मोठ्या समूहांनी घर आवरून घेण्याचा. १९९४ ला लागू पडणारं स्पष्टीकरण २००० ला लावलंत तर चुकणारच. तुमच्याकडे दहा वर्षं आहेत, म्हणजे तुमच्यासमोर एकामागून एक आलेले निदान तीन-चार वेगळे कारखाने आहेत असं समजून चाला.

आधी ते ५१ टक्के. १९९२ च्या खासगीकरणात कामगारांसमोर तीन पर्याय होते, त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. पहिल्यात २५ टक्के भाग फुकट मिळत, पण ते मताधिकार नसलेले. दुसऱ्यात ५१ टक्के मताधिकार असलेले भाग, पुस्तकी किमतीच्या (हिशेबवहीत नोंदलेल्या किमतीच्या) १.७ पट दराने, विकत घ्यायचे. सुमारे तीन-चतुर्थांश कारखान्यांनी दुसरा पर्याय घेतला. ही १.७ पट किंमत ऐकायला जास्त वाटते, पण पुस्तकी किंमत महागाई न धरता जुन्या भावांवर ठरलेली होती आणि १९९२ या एका वर्षात बाजारातले भाव जवळजवळ २६ पटींनी चढले, त्यामुळे प्रत्यक्षात ती नाममात्र उरली. हा पर्याय पुढे रेटण्यात बहुतेक ठिकाणी डायरेक्टरच आघाडीवर होते आणि त्याचं कारण उघड होतं. पाच हजार कामगारांत वाटलेले ५१ टक्के म्हणजे माणशी साधारण शतांश टक्का. बाहेरचा कोणी ताबा मिळवू शकत नाही आणि आतला कोणी एकटा डायरेक्टरला हटवू शकत नाही. कामगाराला या सौद्यात लाभांश अपेक्षित नव्हताच. त्याला हवं होतं ते कामावरून न काढण्याचं आश्वासन, आणि ते बऱ्याच प्रमाणात पाळलं गेलं. पगार सहा-सहा महिने थकले, पण उत्पादन जितकं घसरलं त्या मानाने माणसं फारच कमी काढली गेली. मालक असलेल्या कामगारांचाच पगार थकतो, यात तुम्हाला विसंगती दिसते. सौदा कशाचा होता हे पाहिलं तर ती तितकी राहत नाही.

आता मतांचा हिशेब. इथे लोक टक्केवारी वाचतात आणि पुढे जातात. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या भागकंपनी कायद्यात वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे हक्क आहेत: २ टक्क्यांवर विषयपत्रिकेत विषय घालता येतो आणि संचालक मंडळासाठी उमेदवार देता येतो, १० टक्क्यांवर विशेष सभा मागता येते, आणि कंपनीच्या नियमावलीत बदल करण्यासारख्या ठरावांना हजर मतांपैकी तीन-चतुर्थांश लागतात. यातला ‘हजर’ हा शब्द कळीचा. समजा सभेला ७० टक्के मतं हजर आहेत. मग तीन-चतुर्थांशाचा ठराव अडवायला १७.५ टक्क्यांहून थोडे जास्त भाग पुरतात. तुमच्या १९९७ च्या यादीत कोणाकडे १८ टक्के असतील तर ‘२० च्या वर कोणी नाही’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. त्या माणसाच्या हातात नकाराधिकार आहे.

संचालक मंडळाचंही तसंच. हजारांहून अधिक भागधारक असलेल्या कंपन्यांना या कायद्याने एकत्रित मतदान सक्तीचं केलं, म्हणजे जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक भागाला, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येतात. एक जागा नक्की मिळवायला हजर मतांना ‘जागा अधिक एक’ने भागायचं आणि वर एक मत धरायचं. मंडळ नऊ जणांचं, हजेरी ७० टक्के, तर एका जागेला ७ टक्के आणि पाच जागांच्या बहुमताला ३५ टक्के. सभा कोरमअभावी (किमान हजेरी नसल्याने) तहकूब झाली तर पुढच्या सभेला ३० टक्के हजेरी चालते, आणि मग साध्या बहुमताला १५ टक्क्यांहून थोडे जास्त पुरतात. म्हणून पहिली सभा मुद्दाम मोडण्याची चाल त्या काळात नेहमीची होती. इतिवृत्तांत ‘पुनःआयोजित सभा’ असा उल्लेख दिसला की मी थांबतो आणि त्या दिवशीचे ठराव एकेक करून वाचतो.

पांगलेल्या कामगारांची मतं कोण वापरतं, हे मुखत्यारपत्रांवरून कळतं. विभागप्रमुख आपापल्या विभागातून ती गोळा करायचे. हजेरीच्या नोंदीत दहा-बारा माणसांकडे प्रत्येकी दोन-तीन टक्क्यांची मुखत्यारपत्रं दिसत असतील आणि ती माणसं कारखान्याच्याच पगारपत्रकावर असतील, तर ते ५१ टक्के डायरेक्टरचे आहेत असं धरून चाला. कामगाराने भाग बाहेरच्याला विकले असते तर नोकरी, कारखान्याचं घर आणि मुलाची पाळणाघरातली जागा, तिन्ही धोक्यात आलं असतं. लागेबांधे इथे मालकीच्या आतच काम करतात. ते वेगळे काढून मोजण्यासारखे नाहीत.

कागदपत्रांच्या बाबतीत तीन सापळे सांगतो.

पहिला सापळा भागधारकांच्या नोंदवहीचा. ५०० हून अधिक भागधारक असतील तर नोंदवही स्वतंत्र निबंधकाकडे ठेवणं १९९६ पासून बंधनकारक झालं. त्याआधी ती डायरेक्टरच्या कपाटात असायची, आणि नोंदवहीतून नाव उडालं की मालकी गेली. क्रास्नोयार्स्कच्या ॲल्युमिनियम कारखान्यात १९९४ मध्ये परदेशी व्यापारी गटाचे भाग अशाच तऱ्हेने नोंदवहीतून काढून टाकले गेले होते. पुढे स्वतंत्र निबंधक आले, तरी पुष्कळ ठिकाणी ते कंपनीच्याच खिशातले होते. त्यामुळे निबंधक कधी बदलला ही तारीख जरूर टिपून ठेवा. ताबा बदलण्याच्या आगेमागेच ती बहुधा सापडते.

दुसरा सापळा सरकारी नोंदणीचा. जुलै २००२ पासूनच्या एकत्रित राज्य नोंदणीत मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचे चालू भागीदार दिसतात. भागकंपनीचे मात्र स्थापनेच्या वेळचे संस्थापक दिसतात, आजचे भागधारक नाहीत. नवखे अभ्यासक तिथली नावं उचलतात आणि दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मालकांवर प्रकरणं लिहितात. भागकंपनीसाठी तिमाही अहवाल पाहायचा. त्यात ५ टक्क्यांच्या वरचे भागधारक द्यावे लागत. तोही पूर्ण उत्तर देत नाही, कारण त्या रांगेत पुष्कळदा एखाद्या डिपॉझिटरीचं (इतरांचे भाग सांभाळणाऱ्या संस्थेचं) नाव ‘नॉमिनी धारक’, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने धारक, म्हणून असतं आणि त्यामागे एक माणूस आहे की चारशे, हे कळत नाही. अशा ओळीला मी ‘अज्ञात’ लिहितो. अंदाजाने नाव भरत नाही.

तिसरा सापळा सायप्रसचा. सायप्रसची कंपनी दिसली की लपवाछपवी, असं समीकरण लोक मांडतात. लपवाछपवी असतेही. पण १९९८ च्या करारानुसार मोठ्या गुंतवणुकीच्या लाभांशावर तिथून ५ टक्केच कर लागे, आणि भागधारकांचे आपसांतले करार रशियन कायद्याने भागकंपन्यांसाठी २००९ मध्ये मान्य केले. त्याआधी दोन भागीदारांना टिकाऊ करार करायचा तर इंग्रजी वळणाच्या कायद्याखाली बाहेर जाणं भाग होतं. त्यामुळे नुसतं सायप्रस दिसल्याने काही सिद्ध होत नाही. एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर स्थापन झालेल्या चार कंपन्यांकडे प्रत्येकी १८-१९ टक्के भाग असतील, तर मात्र ते चार मालक आहेत यावर मी विश्वास ठेवणार नाही.

मालकीच्या साखळ्यांचं गणित थोडक्यात. ५१ टक्क्यांच्या तीन पायऱ्या एकाखाली एक लावल्या तर वरच्या माणसाचा ताबा पूर्ण, पण नफ्यातला वाटा ०.५१ चा घन, म्हणजे सुमारे १३.३ टक्के. कारखान्यातून बाहेर काढलेल्या १०० रूबलपैकी त्याचं स्वतःचं नुकसान १३ रूबलचं, आणि बाहेरच्या कंपनीत ते शंभरच्या शंभर त्याचेच. तो कसा वागेल हे यावरून जवळजवळ ठरून जातं. दुसरा प्रकार असा की उपकंपनीकडेच मूळ कंपनीचे भाग असतात. कंपनीने स्वतःकडे परत घेतलेल्या भागांना मत नसतं, उपकंपनीकडच्या भागांना असतं. व्यवस्थापनाकडे २५ टक्के आणि पूर्ण मालकीच्या उपकंपनीकडे २० टक्के असतील तर सभेत ४५ टक्के मतं एका हातात येतात, नफ्यातला हक्क मात्र ८० पैकी २५, म्हणजे ३१.२५ टक्केच. कंपनीच कंपनीची मालक होण्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे सुर्गुतनेफ्तेगाझ ही तेल कंपनी. १९९५ च्या ‘कर्जाच्या बदल्यात भाग’ लिलावांत (सरकारने कर्जासाठी कंपन्यांचे भाग तारण ठेवले ते) त्या कंपनीचे ४० टक्क्यांच्या आसपासचे भाग तिच्याच निवृत्तिवेतन निधीकडे गेले.

एवढ्यावरून मतांचं उत्तर मिळतं. पण तुमच्या कारखान्याचं वागणं मतांपेक्षा पैशांच्या हिशेबात जास्त दिसेल, कारण तो ॲल्युमिनियमचा आहे.

‘नफा शून्य’ ही ओळ वाचण्याआधी तिथे टोलिंग होतं का ते पाहा. १९९२ पासून या उद्योगात ही पद्धत पसरली: व्यापारी ॲल्युमिना (ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात ती पूड) बाहेरून आणतो, कारखाना ठरलेल्या शुल्कात ते वितळवून देतो, धातू व्यापाऱ्याचा राहतो आणि निर्यात होतो, आणि कच्च्या मालावर आयातशुल्क व मूल्यवर्धित कर लागत नाही. एक टन ॲल्युमिनियमला जवळपास दोन टन ॲल्युमिना आणि १४ ते १६ हजार युनिट वीज लागते. टोलिंगमध्ये कारखान्याच्या उत्पन्नात फक्त शुल्क येतं. प्रति टन उत्पन्न लंडनच्या धातूबाजारातल्या भावाच्या निम्म्याहून कमी दिसलं की ‘माल पडत्या भावाने विकला’ असा निष्कर्ष काढू नका, कारण माल कारखान्याने विकलेलाच नाही. ओळखायचं कसं? ताळेबंदात कच्च्या मालाचा साठा उत्पादनाच्या मानाने फारच कमी असतो, आणि ताळेबंदाबाहेरच्या ००३ क्रमांकाच्या खात्यात प्रक्रियेसाठी घेतलेला माल दिसतो. ते खातं सापडलं की अर्धं काम झालं.

मग शुल्क रास्त होतं का ते तपासायचं. आकडे समजण्यापुरते धरू. धातूचा भाव टनाला १५०० डॉलर. ॲल्युमिना दोन टन, ४०० डॉलर. वाहतूक, विमा, बंदर मिळून १५०. प्रक्रिया शुल्क ५००. व्यापाऱ्याकडे राहिले ४५०. हे सगळे ४५० लुटीचे नव्हेत. त्या काळात बँका कारखान्याला खेळतं भांडवल देत नव्हत्या, ते व्यापाऱ्याने आणलं. ४०० डॉलर ९० दिवस अडकले आणि वर्षाला ४० टक्के व्याज धरलं, तरी ते ४० डॉलरच्या आसपास होतं. उरले ४१०. स्पष्टीकरण फक्त या ४१० चं द्यायचं आहे. दुसऱ्या बाजूला ५०० च्या शुल्कातून वीज, कार्बनचे ॲनोड, पगार आणि दुरुस्ती भागते का ते मांडा. भागत नसेल तर कोणीतरी दुसरा तो तोटा सोसतोय: वीज कंपनी, कर खातं, निवृत्तिवेतन निधी किंवा पगार थकलेला कामगार. देण्यांच्या बाजूला तो नावानिशी सापडतो.

आणखी एक दुरुस्ती करावी लागेल. १९९८ च्या मध्याला रशियन उद्योगांच्या विक्रीपैकी सुमारे निम्मी मालाच्या अदलाबदलीने होत होती, शिवाय परस्पर वजावटी आणि वचनचिठ्ठ्या होत्याच. अदलाबदलीत माल फुगवलेल्या भावाने नोंदला जायचा. त्यामुळे विक्री आणि कधीकधी नफाही खोटा वाढतो. मी रोख प्रवाहाच्या पत्रकातली विक्रीपोटी आलेली रोख रक्कम एकूण विक्रीने भागतो आणि ते गुणोत्तर दर वर्षाचं शेजारी लिहून ठेवतो. ०.३ च्या खाली गेलं तर त्या वर्षीचं नफा-तोटा पत्रक जवळपास निरुपयोगी समजा आणि टन, युनिट, माणसं अशा भौतिक आकड्यांवर या.

तुमच्या काळाचा उत्तरार्ध, १९९८ नंतरचा, इथे बरेच जण घसरतात. १ मार्च १९९८ पासून लागू झालेल्या दिवाळखोरी कायद्यात, किमान वेतनाच्या ५०० पट देणं तीन महिने थकलं की कंपनीविरुद्ध अर्ज करता येत होता. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ. न्यायालयाने बाहेरचा व्यवस्थापक नेमला की डायरेक्टर बाजूला, संचालक मंडळ बाजूला, आणि भागधारकांच्या हातात काही नाही. म्हणून ताबा हवा असणाऱ्यांनी भाग विकत घ्यायचं सोडलं आणि देणी विकत घ्यायला लागले, तीही दर्शनी किमतीच्या कितीतरी खाली. १९९८ ते २००२ या वर्षांसाठी भागधारकांची यादी बाजूला ठेवा आणि कर्जदात्यांची यादी मागवा. विजेची थकबाकी कोणी उचलली? नेमलेला व्यवस्थापक यापूर्वी कुठल्या कंपन्यांत होता? तोच माणूस एकाच समूहाच्या बाजूने तीन प्रकरणांत दिसला, तर तो दुवा शाळा-कॉलेजच्या कुठल्याही दुव्याहून मोलाचा. २००२ च्या नव्या कायद्याने हा उंबरठा एक लाख रूबल केला आणि मालकाला देणं भरून टाकण्याचे मार्ग वाढवले, तेव्हा ही वाट बरीच अरुंद झाली.

तिसरा हिशेब बांधिलकीचा. सोव्हिएत कारखाना गावाला घरं, पाळणाघर, दवाखाना आणि उष्णजल पुरवायचा. १९९३ च्या सुरुवातीच्या फर्मानाने या सोयी नगरपालिकांकडे द्यायचं ठरलं, पण हस्तांतर वर्षानुवर्षं रेंगाळलं. याला कोणी डायरेक्टरची माया म्हणतं, कोणी जुन्या सवयीचं ओझं. आधी कर तपासा. घरं आणि सामाजिक सोयींच्या देखभालीसाठी उलाढालीवर १.५ टक्क्यांपर्यंत स्थानिक कर होता, आणि कारखान्याने या सोयींवर स्वतः केलेला खर्च त्यातून वजा होत असे. उलाढाल १०० कोटी रूबल, कर दीड कोटी, स्वतःचा खर्च १.२ कोटी, तर भरायचे फक्त ३० लाख. त्यातही खर्चाचे भाव कारखाना ठरवणार आणि मान्य करणार नगरपालिका. या वजावटीपलीकडे जो खर्च उरतो तोच खऱ्या बांधिलकीचा, आणि त्याच्या बदल्यात काय मिळालं ते पुढे पाहायचं: वीजदर ठरवणाऱ्या प्रादेशिक आयोगाकडून सवलतीचा दर, करांची परस्पर वजावट, दिवाळखोरीच्या वेळी राज्यपालांची बाजू. राज्यपाल निवडून येत होते त्या काळात, म्हणजे २००४ पर्यंत, मोठ्या कारखान्यातली कपात त्यांना मतांत महाग पडायची. त्यामुळे डायरेक्टरच्या हातातही एक दोरी होती.

मालकीची विभागणी आणि गावाची बांधिलकी एकमेकींना कशा छेदतात ते पिकाल्योवोत दिसलं. लेनिनग्राद प्रांतातल्या या गावातला कारखाना मुळात एकच साखळी होती: नेफेलीन या खनिजापासून ॲल्युमिना, उरलेल्या गाळापासून सिमेंट, आणि द्रावणापासून सोडा व पोटॅश. खासगीकरणानंतर ही साखळी तीन मालकांत विभागली गेली. कच्च्या मालाच्या भावावर एकमत होईना, २००८-०९ मध्ये तिन्ही थांबले आणि जून २००९ मध्ये लोकांनी महामार्ग अडवला. त्यानंतर पंतप्रधान पुतीन स्वतः तिथे आले आणि त्यांच्या समोर करारावर सह्या झाल्या. तिघेही आपापल्या मालकीहक्काच्या चौकटीत बरोबर वागत होते, तरी गाडं अडलं. आधी जे आतल्या हिशेबात मिटायचं त्याला आता बाजारभावच नव्हता, कारण तो माल दुसरीकडे कुठे विकताच येत नव्हता.

आता तुमचा आलेख. सगळे सगळ्यांशी जोडलेले दिसणं अपेक्षितच आहे. समजा तुमच्याकडे १०० जण आहेत आणि त्यांतले ३० एकाच धातुशास्त्र संस्थेचे. एकूण जोड्या ४९५०, आणि एकाच संस्थेच्या जोड्या ४३५. म्हणजे काहीही न घडता ४३५ दुवे आयते तयार. ज्या उद्योगाचे अभियंते दोन-तीन संस्थांतून येतात तिथे सहाध्यायी असणं ही माहितीच नाही. तुमच्या डायरेक्टरचा व्यापारी वर्गमित्र आहे. पण त्याच्या इतर किती वर्गमित्रांना कंत्राट मिळालं नाही? तो आकडा काढल्याशिवाय मी त्या दुव्याला हात लावणार नाही.

दुवा ठेवायचा की पुसायचा, हे मी चार गोष्टी पाहून ठरवतो. ओळख व्यवहाराच्या आधीची आहे का, की एकत्र काम केल्यामुळे झाली? व्यवहार बाजारभावापासून दूर आहे का, म्हणजे वरच्या उदाहरणातले ते ४१० डॉलर आहेत का? दुसरा ग्राहक किंवा पुरवठादार प्रत्यक्षात उपलब्ध होता का, की एकच रेल्वेमार्ग आणि एकच वीज केंद्र असल्याने पर्यायच नव्हता? आणि चौथी, सगळ्यांत जड: माणूस गेल्यावर व्यवहार गेला का? डायरेक्टर बदलला आणि सहा महिन्यांत व्यापारी बदलला, तर दुवा माणसाचा होता. डायरेक्टर बदलूनही तोच व्यापारी त्याच शुल्कावर राहिला, तर व्यापारीच मालक आहे आणि डायरेक्टर त्याचा नोकर, मग वर्गमित्र असोत वा नसोत. तुमच्या प्रश्नातल्या ‘मालकी की लागेबांधे’ या पेचाचा निकाल बहुतेक वेळा या चौथ्या तपासणीतच लागतो.

कायद्यातल्या ‘हितसंबंधित व्यवहारां’च्या यादीवर विसंबू नका. त्या काळी त्यात पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं आणि २० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी येत असे. कॉलेजचा मित्र किंवा जुन्या मंत्रालयातला सहकारी येत नसे. १९ टक्क्यांच्या मालक्या इतक्या का दिसतात, हेही त्यावरून कळेल. तशीच दुसरी मर्यादा मोठ्या व्यवहारांची: मालमत्तेच्या पुस्तकी किमतीच्या २५ ते ५० टक्क्यांच्या व्यवहाराला संचालक मंडळाचं एकमत लागे, ५० च्या वर सभेचे तीन-चतुर्थांश. त्यामुळे २४ टक्क्यांचे दोन व्यवहार, दोन महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या कंपन्यांशी. एकमताची अट कुठे चुकवली गेली ते पाहायला हे तुकडे जोडून बघा.

ही पद्धत दुसऱ्या देशात नेताना पहिला हिशेब बदलतो. चेक प्रजासत्ताकात व्हाउचर गुंतवणूक फंडांकडे गेले. एका फंडाला एका कंपनीत २० टक्क्यांची मर्यादा होती, ती चुकवायला एकेका संस्थापकाने अनेक फंड काढले. मोठे फंड बँकांचे आणि बँकांत सरकारचा मोठा वाटा, तेव्हा तिथे मतांआधी कर्जाचं पुस्तक उघडायचं. पोलंडमध्ये ५१२ कंपन्यांसाठी १५ राष्ट्रीय गुंतवणूक फंड होते आणि प्रत्येक कंपनीत एका प्रमुख फंडाकडे ३३ टक्के. तिथे मालक शोधावा लागत नाही, त्या फंडाचं व्यवस्थापन कोणाकडे होतं तेवढं पाहायचं. चीनमध्ये सूचिबद्ध सरकारी कंपन्यांचे बहुसंख्य भाग २००५ च्या सुधारणेपर्यंत बाजारात विकताच येत नव्हते. त्यामुळे तिथे भाव चढावा अशी मुख्य मालकाला फारशी गरजच नव्हती.

तुमच्या कारखान्यापुरतं कामाचा क्रम असा ठेवा. आधी १९९६ ते २००३ च्या सर्व सभांची इतिवृत्तं काढून प्रत्येक सभेची हजेरी आणि मुखत्यारपत्रं एका तक्त्यात घ्या. मग ००३ खातं आणि टोलिंगचे करार. शुल्क दर वर्षी टनामागे किती डॉलर होतं ते १९९८ च्या ऑगस्टमधल्या अवमूल्यनाच्या आधी आणि नंतर असं वेगळं मांडा, कारण रूबल कोसळल्यावर वीज आणि पगार डॉलरमध्ये एकदम स्वस्त झाले. तरीही शुल्क तसंच राहिलं असेल तर तो जास्तीचा फायदा कारखान्यात दिसायला हवा. त्यानंतर कर्जदात्यांची यादी. संचालकांचे जन्मगाव आणि कॉलेज यांचे रकाने तोवर रिकामेच राहू द्या.